चूक लपवू नका, वहीत लिहा : नौदलातल्या ग्रेस हॉपरची गोष्ट



मागच्या महिन्याच्या बैठकीत हजेरी झाली, बचत गोळा झाली, पण आमची एक मावशी कोपऱ्यात गप्प बसून राहिली. खूप विचारल्यावर डोळ्यांत पाणी आणून बोलली. "घरकुलाच्या यादीत नाव लागलंय, मोबाईलवर आलेला नंबर सांगा," असा फोन आला होता. मावशीने ओटीपी सांगितला आणि खात्यातले साडेचार हजार गेले. या गोष्टीला अकरा दिवस झाले होते. घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. "मलाच यातलं काही कळत नाही, लोक हसतील," एवढंच ती म्हणत होती.

पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण ते अकरा दिवस आम्हाला जास्त लागले. म्हणून आज अशा एका बाईची गोष्ट सांगतो, जिने संगणकातली चूक लपवली नाही आणि संगणक सगळ्यांना समजावा म्हणून आयुष्यभर खटपट केली.

तिचं नाव ग्रेस हॉपर. जन्म 1906, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात. लहानपणी घड्याळ कसं चालतं ते पाहायला तिने घरातली सात गजराची घड्याळं खोलून ठेवली. आईने मारलं नाही, फक्त सांगितलं, यापुढे एकच घड्याळ खोलायचं. पुढे ती कॉलेजात शिकवू लागली आणि तिने गणितात पीएचडीही केली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. तिला नौदलात जायचं होतं. वय जास्त आणि वजन कमी, म्हणून आधी नकार मिळाला. पण तिने पाठपुरावा सोडला नाही. 1943 साली ती भरती झाली आणि 1944 मध्ये अधिकारी बनली. तिला हार्वर्ड विद्यापीठातल्या 'मार्क वन' नावाच्या यंत्रावर नेमलं. आज संगणक मांडीवर मावतो, ते यंत्र 51 फूट लांब होतं. ते कसं चालवायचं याचं जाडजूड माहितीपुस्तकही तिनेच लिहिलं.

1947 मध्ये तिथल्या पुढच्या यंत्रात बिघाड झाला. शोधताना आत एक पाकोळी अडकलेली सापडली. तिथल्या माणसांनी ती पाकोळी चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवली आणि शेजारी काय सापडलं ते लिहिलं. कुणाला दोष दिला नाही, पान फाडलं नाही. ग्रेस ही गोष्ट पुढे अनेक वर्षं सांगत असे. ते पान आजही जपून ठेवलेलं आहे.

त्या काळी संगणकाशी बोलायचं तर आकडे आणि खुणांतच बोलावं लागे. ग्रेसचं म्हणणं असं, की यंत्राला माणसाची भाषा समजली पाहिजे, म्हणजे हिशेब ठेवणारी साधी माणसंही ते वापरतील. हे होणार नाही असं लोक म्हणाले. तिने 1952 मध्ये पहिलं पाऊल टाकलं, मग इंग्रजी शब्दांनी चालणारी भाषा तयार केली. तिच्यावरूनच 1959 साली 'कोबोल' नावाची भाषा आखायला घेतली गेली. बँकांचे हिशेब अनेक वर्षं त्या भाषेत चालले, काही ठिकाणी अजून चालतात.

तिच्या कार्यालयात उलटं फिरणारं घड्याळ होतं. नेहमीच्याच पद्धतीने गेलं पाहिजे असं नाही, हे पाहणाऱ्याला त्यातून कळे. नौदलाने तिला निवृत्त केलं आणि पुन्हा बोलावून घेतलं. 1986 मध्ये ती रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाली, तेव्हा ती 79 वर्षांची होती.

शिकवताना ती फूटपट्टीहून किंचित आखूड तारेचे तुकडे वाटायची. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाला नॅनोसेकंद म्हणतात. तेवढ्या वेळात प्रकाश जास्तीत जास्त या तारेएवढा जातो. उपग्रहाचा संदेश यायला वेळ का लागतो, हे ती मोठमोठ्या अधिकाऱ्यांना या तारेवरूनच समजवायची.

आता ही तार आपल्या बांधावर कशी येते ते पाहू. मोबाईलवरच्या नकाशात आपण उभ्या आहोत तिथे निळा ठिपका दिसतो, तो जीपीएसमुळे. तेही आधी अमेरिकेच्या सैन्यासाठीच बनलं, पहिला उपग्रह 1978 साली सोडला. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचावरून उपग्रह आपली वेळ सांगतात. संदेश यायला किती वेळ लागला यावरून मोबाईल अंतर काढतो. निदान चार उपग्रहांची अंतरं जुळली की आपली जागा कळते. वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकली, तरी ठिपका तीनशे मीटर सरकू शकतो. पृथ्वीचा नेमका आकार ठरवायचं गणितही लागतं. ते करणाऱ्यांत अमेरिकी नौदलाच्या केंद्रात नोकरी करणाऱ्या ग्लॅडिस वेस्ट होत्या, त्याही शेतकऱ्याच्याच घरातल्या.

इथे एक लक्षात ठेवा. मोबाईलचा ठिपका उघड्या रानातसुद्धा चार-पाच मीटर इकडे-तिकडे असतो. त्यावरून बांधाचं भांडण काढू नका. भूमी अभिलेखचे मोजणीदार रोव्हर यंत्र आणतात, त्यातली चूक काही सेंटीमीटरचीच असते. मोजणीच्या दिवशी बायांनीही शेतात हजर राहावं आणि खुणा कुठे घातल्या ते विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही.

आता पुन्हा मावशीकडे येऊ. ओटीपी म्हणजे आपल्या पेटीची एकदाच चालणारी किल्ली, ती फोनवर कुणालाही द्यायची नाही. पैसे आपल्याकडे येणार असतील तर पिन टाकावाच लागत नाही. कुणी टाकायला सांगत असेल तर फोन ठेवा. तरीही फसलात तर लगेच 1930 या सरकारी नंबरवर सांगा आणि बँकेलाही कळवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवतात. लवकर सांगितलं तर ते वाटेत अडवता येतात, उशीर झाला की माग लागणं अवघड होतं. मावशीची तक्रार आम्ही केली, पैसे अजून आलेले नाहीत.

पण गटाने एक ठराव केला. इतिवृत्ताच्या वहीत मागची चार पानं 'फसवे फोन' म्हणून राखली. कोणत्या तारखेला, काय सांगून फोन आला, ते नाव न घालता लिहायचं आणि दर बैठकीत वाचून दाखवायचं. पहिली नोंद मावशीने स्वतः सांगून लिहून घेतली. पुढच्या बैठकीत आणखी तिघी बोलल्या. त्यातल्या एकीला तोच घरकुलाचा फोन आला होता, आणि तिने तो लगेच ठेवून दिला होता.

तुमच्या गटाच्या वहीतही दोन पानं राखून ठेवा, मैत्रिणींनो.