व्हिडिओचा शेवट कुणी कापला?

‘कर ना भो फॉरवर्ड, काय जातं आपलं?’

कॉलेजच्या ग्रुपवर हे वाक्य दर दोन दिवसांनी कुणीतरी टाकतंच. सोबत एखादा फोटो असतो. नळ्या लावलेलं बाळ, हरवलेली मुलगी, नाहीतर बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं शहर. खाली लिहिलेलं असतं, ‘तुमच्यात माणुसकी असेल तर पुढे पाठवाल.’ आता माणुसकी नाही असं कोण म्हणेल? मग अंगठा आपोआप चालतो. फॉरवर्ड होतं, स्टोरी लागते, आणि आपण पुढच्या रीलवर जातो.

खरंच काय जातं आपलं? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच खानदेशाने एकदा दिलं आहे, आणि ते फार भयंकर आहे.

राईनपाड्यात काय झालं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार होता, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे भिक्षा मागायला आली होती. भटकंती करत जगणारा हा समाज. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना कुणाला तरी दिसला आणि ‘मुलं पळवणारे आले’ अशी ओरड झाली. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं. मारहाण चालू असताना काही जण मोबाइलवर शूटिंग करत होते.

गावात आलेल्या पाच अनोळखी भिक्षेकऱ्यांची एवढी भीती लोकांना का वाटावी? कारण ती भीती आधीच मोबाइलमधून घरोघरी पोचली होती. त्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज देशभर फिरत होते. प्रत्येक राज्यात भाषा तिथली, गावांची नावं तिथली, मजकूर मात्र तोच. सोबत एक क्लिप असायची. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं अशी क्लिप.

ती क्लिप खोटी नव्हती, आणि अडचण तिथेच आहे. ती होती पाकिस्तानातल्या कराचीची. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी ती बनवून घेतली होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, पोराला सुखरूप खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात. कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो, सावध राहा, असा त्याचा अर्थ. भारतात फिरली ती क्लिप या शेवटाआधीच कापलेली होती.

मुलं वाचावीत म्हणून बनवलेली फिल्म शेवट कापल्यावर माणसं मारायला कारण ठरली.

त्याच काळात आणखी एक फोटो फिरत होता. ओळीने ठेवलेले चिमुकल्यांचे मृतदेह. ‘अवयव काढून घेतलेली मुलं’ असं खाली लिहिलेलं. ती मुलं खरोखर मेली होती, पण भारतात नव्हे. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातल्या घौटा भागात झालेल्या रासायनिक हल्ल्यात ती गेली होती. एका देशातलं खरं दुःख दुसऱ्या देशात खोट्याचा पुरावा म्हणून वापरलं गेलं.

आता विचार करा. हे मेसेज पुढे पाठवणारे सगळे गुंड होते का? नाही. त्यात आई होत्या, काका-मामा होते, शिक्षक होते, आपल्यासारखी कॉलेजची पोरं होती. ‘लेकरं सांभाळा’ एवढंच त्यांना सांगायचं होतं. हेतू चांगला होता. पण मेसेजसोबत हेतू जात नाही. पुढच्याच्या हातात पडतो तो फक्त मजकूर.

उद्देश चांगला, म्हणून मेसेज खरा?

आपली गफलत होते ती इथे. लॉटरी लागल्याचा मेसेज आला की आपण हसतो, कारण तिथे लोभ दिसतो. पण ‘या बाळाला वाचवा’ असं आलं की शंका घ्यायलाच लाज वाटते. शंका घेतली म्हणजे आपण दगडाच्या काळजाचे, असं वाटतं. फसवणाऱ्याला नेमकी हीच लाज कामी येते. आणि जो फसवत नाही, नुसता उत्साहात असतो, त्याच्याही चुका या लाजेखाली झाकल्या जातात.

उत्साहाचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१२ चं. ५ मार्चला एका अमेरिकन संस्थेने ‘कोनी २०१२’ नावाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ टाकला. युगांडातला जोसेफ कोनी लहान मुलांना पळवून त्यांच्या हातात बंदुका देतो, त्याला जगभर प्रसिद्ध करा म्हणजे तो पकडला जाईल, असं आवाहन होतं. सहा दिवसांत १० कोटी वेळा तो बघितला गेला. पोस्टर-ब्रेसलेटचे किट विकले गेले. कोनीचे गुन्हे खरेच होते. पण व्हिडिओतून एक साधी गोष्ट बघणाऱ्यांपर्यंत नीट पोचलीच नाही. कोनी आणि त्याची माणसं काही वर्षांपूर्वीच युगांडा सोडून गेली होती. ज्या उत्तर युगांडाने हे सगळं सोसलं, तिथल्या लिरा शहरात हा व्हिडिओ दाखवला तेव्हा लोक चिडले. आमच्या दुःखात हे परदेशीच कसे नायक झाले, हा त्यांचा सवाल. २० एप्रिलला जगभरच्या रस्त्यांवर रात्रीत पोस्टर लावायचं ठरलं होतं. लाइक करणारे कोट्यवधी, रस्त्यावर उतरले अगदी थोडे. कोनी सापडला नाही. २०१७ मध्ये अमेरिका आणि युगांडाने त्याचा शोधही थांबवला.

मग सगळंच खोटं समजायचं?

अजिबात नाही. व्हायरल झालेल्या मोहिमांनी खरं कामही केलं आहे. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायचं फॅड आलं होतं, आठवतंय? तेव्हा तुम्ही शाळेत असाल. पोरखेळ वाटला तो. पण एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेकडे त्यातून सुमारे साडेअकरा कोटी डॉलर जमा झाले आणि त्यातला पैसा संशोधनाला गेला.

आपल्याकडचं उदाहरण २०२१ चं. मुंबईतल्या एका बाळाला दुर्मिळ जनुकीय आजार होता. औषधाची किंमत सुमारे १६ कोटी. आईवडिलांनी सोशल मीडियावरून हाक दिली, देशभरातून लोकांनी शंभर-दोनशे रुपये पाठवले, रक्कम जमली. बाहेरून येणाऱ्या या औषधावरचा सुमारे सहा कोटींचा कर केंद्र सरकारने माफ केला.

या मोहिमा आणि आपल्या ग्रुपवरचे मेसेज यांत फरक काय? या मोहिमांना पत्ता होता. आजार कोणता, औषध कोणतं, हॉस्पिटल कोणतं, पैसे कुणाच्या खात्यात, हे सगळं उघड होतं. विचारलं तर उत्तर देणारं माणूस होतं.

पत्ता नसला की काय होतं ते कोरोनाच्या पहिल्या लाटेत दिसलं. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी सुरू झाला. खरा यूपीआय आयडी होता ‘पीएमकेअर्स’ या नावाचा. काही दिवसांत ‘पीएमकेअर’ अशा नावाचे बनावट आयडी फिरू लागले. फरक एका अक्षराचा. सरकारला आणि पोलिसांना जाहीर इशारे द्यावे लागले.

पैशांचा संबंध नसतो तिथेही घोळ होतोच. ‘बी निगेटिव्ह रक्त अर्जंट हवंय’ हा मेसेज घ्या. तारीख नाही, हॉस्पिटलचं नाव अर्धवट, नंबर मात्र ठळक. असा मेसेज पेशंट बरा होऊन घरी गेल्यावरही महिनोन्‌महिने फिरत राहतो. नातेवाइकांचा फोन वाजत राहतो. हरवलेल्या मुलांचंही तसंच. मूल दुसऱ्या दिवशी सापडतं, पण त्याचा फोटो आणि घरचा नंबर वर्षानुवर्षं अनोळखी मोबाइलमध्ये भटकतो. आणि पुढे खरोखर अर्जंट रक्त लागतं तेव्हा ग्रुपवरचं कुणी त्या मेसेजकडे बघतही नाही. खोट्या हाकांची किंमत मोजतो तो खरा गरजू.

दोन मिनिटांचं काम

शंका घ्यायची म्हणजे खवचट बोलून मोकळं व्हायचं असं नाही. शंका घ्यायची म्हणजे पुढचं काम करायचं.

मेसेजमध्ये तारीख, गाव आणि पूर्ण नाव आहे का, ते बघा. नसेल तर तो तिथेच थांबवा. फोटो असेल तर गुगल लेन्सवर टाका. तो जुना किंवा दुसऱ्या देशातला असेल तर बऱ्याचदा लगेच कळतं. व्हिडिओ अचानक तुटत असेल तर एक प्रश्न विचारा, याच्या पुढे काय होतं?

नंबर दिलेला असेल तर फॉरवर्ड करण्याआधी त्यावर एक फोन करा. रक्त हवं असेल तर जळगाव-धुळ्यातल्या रक्तपेढ्यांना थेट विचारा. ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर साठा बघता येतो. मूल हरवल्याचं कळलं तर ११२ किंवा १०९८ हे नंबर ग्रुपपेक्षा जास्त कामाचे.

उपचारासाठी पैसे मागितले असतील तर आधी विचारा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रयत्न केला का? धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे त्या कुटुंबाला माहीत आहे का? कित्येकदा नसतं. तुमच्या शंभर रुपयांपेक्षा ही माहिती त्यांचे जास्त पैसे वाचवते. संस्था पैसे मागत असेल तर तिचा नोंदणी क्रमांक मागा. आपल्याकडे संस्थांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. खरी संस्था नंबर द्यायला बिचकत नाही. आणि ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन लावा.

एवढं करून मेसेज खरा निघाला तर जरूर पाठवा. सोबत लिहा, ‘मी फोन करून खात्री केली आहे,’ आणि तारीख टाका. काम झालं की ‘आता गरज नाही’ हेही त्याच ग्रुपवर सांगा.

राईनपाड्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्येच झुंडबळींबाबत सरकारांना निर्देश दिले. व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. नियम आले, पण पाचपैकी पहिला चॅट कोणता, हे अजूनही आपला अंगठाच ठरवतो.

त्याच दिवसांत मालेगावातही जमावाने अशाच संशयावरून एका कुटुंबाला घेरलं होतं. त्यांच्यासोबत लहान मूल होतं. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, दार लावलं, आणि पोलिसांनी त्यांना जिवंत बाहेर काढलं. बाहेर जमाव खवळलेला असताना त्या माणसाने अफवेवर विश्वास ठेवला नाही. तेवढ्याने एक कुटुंब वाचलं.

आपल्याला तर एवढं धाडसही करायचं नाहीये. ग्रुपवर पुढचा मेसेज येईल तेव्हा एवढंच लिहायचंय, ‘मूळ व्हिडिओ कुठेय? कुणी फोन करून बघितला का?’ कुणीतरी म्हणेलच, ‘जास्त शाना झाला का भो?’ म्हणू द्या. विचारा तरीही.