रंगाखालचं पाणी

तळघर गळत असेल तर विकण्याआधी भिंतींना जलरोधक रंग फासावा, हा सल्ला स्वस्त आहे. भौतिकशास्त्र मात्र त्याच्या बाजूचं नाही. पावसाळ्यात भूजल फरशीच्या १ मीटर वर चढलं, की भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १ टन दाब येतो. तो बाहेरून आत ढकलतो, म्हणून आतला रंग भिंतीपासून सुटत जातो. पाण्याबरोबर आलेले क्षार सुकताना स्फटिक होतात आणि गिलावा फोडतात. जुनी माणसं यालाच लोणा म्हणतात.

‘घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत’ हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. साध्या काळजीनं दिसणारा दोष सांगण्याचं बंधन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विक्रेत्यावर घालत नाही. पण दोष रंगानं झाकला, की ही सवलत हातची जाते. माहीत असून लपवणं हे कलम फसवणूक मानतं. (रंगाचा खर्च बहुधा स्वतःविरुद्धच्या पुराव्यावर होतो!) सांगितलं तर भाव पडेल, हे खरं. मात्र ती घट दुरुस्तीच्या अंदाजपत्रकावरून मोजता येते. शिवाय अंगणाचा उतार घराकडे असेल किंवा पन्हळीचं पाणी भिंतीलगत पडत असेल, तर आधी ते वळवून पाहावं; पुष्कळदा गळती तेवढ्यानंही कमी होते.