पोवाड्यापासून प्रभातफेरीपर्यंत

पुणे-सोलापूर रस्त्यावरील कासुर्डी गावात एका प्रजासत्ताकदिनी मुलांची प्रभातफेरी मी पाहिली. पुढे झेंडा, मागे दोन रांगा आणि गाण्याच्या ठेक्यावर पडणारी पावले. मी मराठीचा अध्यापक. मनात आले, हा ठेका आपल्या कवितेत आला कोठून?

आपले जुने वीरगीत म्हणजे पोवाडा. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा आणि तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा शिवकालातले मानले जातात. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी असे पोवाडे जमवून १८९१ साली छापले. पण पोवाड्यात डफावर थाप मारून गातो तो शाहीर. श्रोत्यांचे रक्त सळसळले, तरी बैठक मोडत नाही.

ती मोडली गणेशोत्सवातील मेळ्यांनी. १८९३ मध्ये पुण्यात उत्सव सार्वजनिक झाला आणि लवकरच पोरांची पथके एका सुरात गात रस्त्याने निघू लागली. गाणे ऐकण्याचे होते, ते म्हणण्याचे झाले. नाशिकच्या मित्रमेळ्यासाठी पदे रचणारे कवी गोविंद, म्हणजे आबा दरेकर, पायांनी अधू होते. ज्यांना स्वतःला चालवत नव्हते, त्यांच्या शब्दांनी तरुण चालू लागले! सरकारने या पदांची एवढी धास्ती घेतली, की ती छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

गाण्याचे हे भय सर्वत्र सारखेच. रुमानियात १८४८ च्या क्रांतीच्या वेळी मुरेशानू नावाच्या कवीने लिहिलेले गीत कम्युनिस्ट राजवटीने बंद केले. १९८९ च्या उठावात लोकांनी तेच रस्त्यावर गाइले आणि पुढे ते राष्ट्रगीत झाले.

आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाची कलापथके, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी गाणे लोकांच्या तोंडी ठेवले. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल असलेले महाराष्ट्रगीत २०२३ साली राज्यगीत झाले. ते घरोघर पोचवले शाहीर साबळे यांनी. पोवाड्याचा डफ आणि पथकाचे पाऊल त्यात एकत्र आले.

आता समारंभात ध्वनिक्षेपकावर गीत लागते आणि आपण ओठ मिटून उभे राहतो; म्हणजे पुन्हा श्रोतेच! ज्या गाण्यांसाठी माणसे अंदमानात गेली, त्यांची निदान दोन कडवी या दिवाळीत मुलांनी आपल्या गळ्याने म्हणावीत, आणि थोरांनी सूर धरावा.