प्रदर्शनांतील भाषणाचें बोलावणें

मोशीचें किसान, बारामतीचें कृषिक, नागपूरचें ॲग्रोव्हिजन हीं प्रदर्शनें पाहण्यास आमचे पुष्कळ सभासद जातात आणि माहितीपत्रकांनीं भरलेली पिशवी घेऊन परततात. तेथील चर्चासत्रांत आपणांस कोण बोलावणार, असें ते आम्हांस विचारतात. बोलावतात, मात्र त्याची रीत आहे.

संयोजक शेतकऱ्यांचीं नांवें बहुधा शास्त्रज्ञांस विचारतात. बारामतीचें प्रदर्शन तर कृषि विज्ञान केंद्राच्याच प्रक्षेत्रावर भरतें. तेव्हां आपल्या जिल्ह्याच्या केंद्रांतील मेळाव्यांत प्रथम बोलावें. शिवाय कार्यक्रम मंडप उभा राहण्याच्या कित्येक महिने आधीं ठरतो. हिवाळ्यांतील प्रदर्शनासाठीं पत्र पावसाळ्यांतच गेलें पाहिजे.

पत्र कसें असावें हें आम्ही ठेच खाऊन शिकलों. पहिल्या वर्षीं 'कांदा साठवणुकीचें महत्त्व' असा विषय कळविला. उत्तर आलें नाहीं, आणि यावें असें त्यांत कांहीं नव्हतेंही. त्या विषयावर कोणीही बोलेल. पुढील वर्षीं एवढेंच लिहिलें: एकाच शेतांतला रबी कांदा एप्रिलांत दोन चाळींत भरला. एक चाळ खालून हवा खेळणारी, दुसरी जमिनीवरच. दोहोंत खुणेच्या जाळीदार गोण्या ठेवून सप्टेंबरपर्यंत दर महिन्यास तोलल्या. वजन किती घटलें, सडला किती, काजळी किती, कोंब किती, हें वेगळें टिपलें. जी चाळ फसली तिचेही आंकडे जोडले. आठ दिवसांत दूरध्वनी आला. आमच्या मतें फसलेल्या चाळीनेंच काम केलें, कारण विक्रेता तेवढें कधींच सांगत नाहीं.

येथें एक धोका आहे. औषधें विकणारे लोक भाडें व मुक्काम देऊं करतात आणि भाषणांत आपलें नांव घ्यावें एवढीच अपेक्षा ठेवतात. आमच्या एका सभासदानें तें पत्करलें. श्रोत्यांतून एकरी खर्च विचारला गेला, तेव्हां त्याची नजर कंपनीच्या माणसाकडे गेली. त्याचे आंकडे खरे होते, आम्ही ते शेतावर पाहिले होते. परंतु मंडपांत त्यावर कोणाचा विश्वास बसला नाहीं, आणि त्यास पुन्हां बोलावणेंही आलें नाहीं. भाडें संयोजकांकडूनच घ्यावें, नाहीं तर पदरचें खर्चावें. घेतलेंच असेल तर पहिल्याच वाक्यांत तसें सांगावें.

भाषणास वेळ थोडा मिळतो, म्हणून खुणेची एक गोणी बरोबर न्यावी. आम्हीं नेली होती. भाषण संपल्यावर लोक तिच्याभोंवतींच बराच वेळ उभे होते.