यकृत सूत्रण रोग, बालकांतील
मुख्यत्वे एक ते तीन वर्षे वयाच्या भारतीय बालकांत आढळलेला, यकृतात तांब्याचा अतिसंचय असणारा घातक विकार. प्रारंभी पोट फुगते, यकृत मोठे व कठीण होते. पुढे कावीळ व जलोदर होतात. एकाच कुटुंबातील भावंडांना तो होत असल्याने आनुवंशिकतेचा संशय घेतला जाई.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटिश वैद्य एम. एस. टॅनर यांच्यासह १९८३ व १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत तापविलेल्या दुधाकडे लक्ष वेधले. अशा दुधातील केसीन या प्रथिनाशी तांबे बद्ध होते व अर्भकाच्या पोटात जाते. इतर धातूंची भांडी रूढ झाल्यावर हा रोग विरळ झाला. प्रारंभीच पेनिसिलामीन दिल्यास काही बालके वाचतात.

म्हणून पचन तंत्राचे विकार शिकविताना विद्यार्थ्यास यकृत चाचपण्याबरोबरच बालकाला वरचे दूध केव्हा सुरू केले व ते कोणत्या भांड्यात तापविले, हे मातेस विचारण्यास शिकविणे अगत्याचे ठरते. निदान उशिरा झाले, तरी या उत्तरामुळे धाकटे भावंड वाचू शकते.