शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र आणि ‘स्टेरॉइड’चें भय

मनगटाचें मोडलेलें हाड पट्टी बसवून सांधलें, शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, म्हणजे घरच्या मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. परंतु रोग्याची खरी परीक्षा पुष्कळदां त्या रात्रीं होते. दुपारीं बधिर असलेला हात मध्यरात्रीं जागा होतो, आणि त्याबरोबर सारें घर जागें होतें. ही रात्र सुसह्य व्हावी म्हणून डॉक्टर मंडळी जो एक उपाय योजतात, त्याच्या नुसत्या नांवानें अनेक कुटुंबें दचकतात. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

सबंध देहास भूल न देतां एकच अवयव बधिर करण्याची कल्पना जुनी आहे. सन १८८४ मध्यें व्हिएन्ना येथें कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या द्रावणानें डोळा बधिर करून दाखविला. लौकरच न्यूयॉर्क येथें विल्यम हॉल्स्टेड यांनीं तेंच औषध ज्ञानतंतूंजवळ टोंचून पाहिलें. त्या प्रयोगांत ते स्वतः कोकेनच्या व्यसनांत सांपडले. आतां बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन अशीं निराळीं औषधें वापरतात. ज्ञानतंतूच्या आवरणांत सूक्ष्म द्वारें असतात. त्यांतून सोडियमचे कण आंत शिरले म्हणजे वेदनेचा निरोप पुढें सरकतो. औषध हीं द्वारें अडवितें. तें रक्तावाटे वाहून गेलें कीं द्वारें मोकळीं होतात आणि वेदना परत येते.

हा अवधि वाढविण्यासाठीं डेक्झामेथासोन नांवाचें स्टेरॉइड, बहुधा ४ ते ८ मिलिग्रॅम, बधिरतेच्या औषधांत मिसळतात किंवा शिरेंतून देतात. सन २०१७ मध्यें कॉक्रेन संस्थेनें ३५ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. तींत ज्ञानतंतूजवळ दिलेल्या स्टेरॉइडनें बधिरता सरासरीनें ६.७ तास, तर शिरेंतून दिलेल्यानें सुमारें ६.२ तास वाढल्याचें दिसलें. दोहोंची समोरासमोर तुलना केली असतां पहिली रीत सुमारें तीन तासांनीं सरस ठरली. तथापि ज्ञानतंतूजवळ देणें हा या औषधाचा अधिकृत नोंदलेला उपयोग नसल्यामुळें अनेक डॉक्टर शिरेचाच मार्ग पसंत करतात.

आतां भयाविषयीं. स्टेरॉइडनें चेहरा सुजतो, हाडें ठिसूळ होतात, हें आपण ऐकलेलें असतें व तें खोटें नाहीं. पण तीं लक्षणें मुख्यतः आठवडे-महिने औषध घेणाऱ्यांत दिसतात. एका मात्रेस तोच न्याय लावणें युक्त नव्हे. मात्र मधुमेह असणाऱ्याची रक्तांतील साखर एका मात्रेनेंही कांहीं काळ चढूं शकते. कित्येक वडीलधारीं माणसें ‘उगीच शस्त्रक्रिया लांबेल’ म्हणून आपला मधुमेह सांगतच नाहींत. येथें लाज किंवा संकोच कामाचा नाहीं. मुलासुनांनीं तरी तें डॉक्टरांच्या कानावर घालावें.

बधिरता लांबली म्हणजे दक्षताही लांबते. बधिर हातास चटका कळत नाहीं, प्लास्टर आवळल्याचेंही पुरतें कळत नाहीं. म्हणून हात झोळींत ठेवावा. चूल, गरम पाण्याची पिशवी व दाराची फट यांपासून जपावा. बोटें निळीं वा थंड पडत नाहींत ना, हें पाहत राहावें. तसें आढळल्यास, किंवा सूज वेगानें वाढल्यास, सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांस कळवावें. तसेंच वेदनेच्या गोळ्या डॉक्टर सांगतील त्या वेळीं, बधिरता पूर्ण उतरण्यापूर्वींच, सुरू कराव्या. दुखूं लागल्यावर घेतलेली गोळी लागू होण्यास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ रोगी तळमळतो.

आपल्या घरांत, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, निमूटपणें सोसण्यास सद्गुण समजण्याची चाल आहे. परंतु दुखण्यामुळें झोंप नाहीं, दीर्घ श्वास नाहीं, बोटांची हालचाल नाहीं, अशी स्थिति बरें होण्यास अपायकारकच असते. यास्तव शस्त्रक्रियेच्या आधींच विचारावें: हात किती तास बधिर राहील, स्टेरॉइड देणार काय व कोणत्या मार्गानें, आणि रात्रीं अडचण आल्यास कोणास बोलवावें? उत्तरें कागदावर लिहून घेऊन तो कागद रात्रीं उशाशीं बसणाऱ्याच्या हातीं द्यावा.