रस्ता आणि कायदा – ६ : बसची लेन रिकामी का ठेवायची?

मागच्या भागात आपण सिग्नल आणि थांबारेषा पाहिली. आज बसच्या राखीव लेनविषयी. पुण्यात हा प्रयोग २००६ साली कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर सुरू झाला. २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी मार्गावर तो ‘रेनबो’ नावाने नव्या रूपात आला आणि पिंपरी-चिंचवडमध्येही पसरला. नगर रस्त्यावरची लेन पुढे उखडली गेली. पण जिथे ती आहे, तिथे नियम लागू आहेच.

मोटार वाहन कायद्यात बसच्या लेनसाठी वेगळं कलम नाही. कलम ११५ प्रमाणे एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालता येते. बंदी महिन्याहून अधिक काळाची असेल तर ती राजपत्रात प्रसिद्ध व्हावी लागते आणि जागेवर फलक लावावा लागतो. तो फलक पाळणं कलम ११९ नुसार चालकाचं कर्तव्य आहे. मोडला तर कलम १७७ : पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड. लेनमधून उलट्या दिशेने गाडी घातली तर मामला कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात जातो. तिथे दंड १,००० ते ५,००० रुपये, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

पाचशे रुपये भरून सुटता येतं, म्हणून अनेकांना हा गुन्हा किरकोळ वाटतो. मला तो तसा अजिबात वाटत नाही, आणि त्याचं कारण थांब्याच्या रचनेत आहे. रेनबो मार्गावरचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत. फलाट बसच्या फरशीइतका उंच, बसचं दार उजव्या बाजूला. थांब्यावर जायचं तर आधी गाड्यांचा रस्ता ओलांडायचा आणि मग बसची लेन. गाड्यांच्या रस्त्यात माणूस सावध असतो. हात दाखवत, थबकत पुढे जातो. लेनच्या कडेला आला की त्याची नजर फक्त बस शोधते. बस भली मोठी, लांबूनच दिसते. ती नाही म्हटल्यावर तो पाऊल टाकतो, आणि ‘ट्रॅक मोकळाच आहे’ म्हणून सुसाट निघालेली दुचाकी नेमकी तिथेच येते. हातात पिशवी आणि नातवंड घेऊन निघालेल्या आजींना ती चुकवता येईल का? लेन रिकामी असेल, याच भरवशावर ही माणसं पाऊल टाकतात. तो भरवसा मोडायचा अधिकार आपल्याला नाही.

‘बससाठी एवढी जागा कशाला?’ हा वाद दिल्लीत न्यायालयापर्यंत गेला होता. तिथल्या बसच्या राखीव लेनविरुद्धची (बीआरटी) याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. पुढे ती लेन सरकारने काढली, तो निर्णय वेगळा. जागेचा हिशेब गाड्या मोजून नव्हे, माणसं मोजून करायचा, हे मला पटतं.

आता चलानविषयी. कॅमेऱ्यात टिपलेला गाडीचा नंबर ज्याच्या नावावर, त्याला चलान जातं. गाडी विकूनही नाव बदललं नसेल तर दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्याची पावती तुमच्याच नावे निघेल, म्हणून आधी आरटीओतलं हस्तांतरण पुरं करा. चालवणारा दुसराच होता? मग पोलिसांनी विचारल्यावर त्याचं नाव-पत्ता देणं मालकावर बंधनकारक आहे. लेनच्या तोंडाशी फलक नसेल किंवा झाडाआड गेला असेल, तर त्या जागेचा फोटो लगेच काढून चलानविरुद्धच्या तक्रारीला जोडा.

पुढील भागात : नो-पार्किंग आणि टोइंग.